परमुलखात जीव राखताना

८ मे २०२०च्या पहाटे करमाड स्थानकाजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीने काम बंद पडले, जवळचे पैसे संपत आले, गावी जाण्याच्या पासासाठी केलेल्या अर्जाला उत्तर आले नाही. भुसावळहून मध्य प्रदेशाकडे गाडी सुटेल या आशेवर त्यांनी आदल्या संध्याकाळी जालना सोडले आणि रुळांच्या कडेने चालायला सुरुवात केली. बदनापूर मागे पडल्यावर पाय थकले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. प्रवासी गाड्या बंदच होत्या. मालगाड्या धावत होत्या. लोखंडाशी रोज झुंजणारी ही कष्टाची माणसे होती. त्यांच्यावर कोणी हल्ला केला नव्हता, आणि अंगातल्या ताकदीचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांच्याजवळ खरी खबर नव्हती, हातात चालणारा कागद नव्हता आणि अडल्या वेळी ज्याला फोन करावा असा जबाबदार माणूस जालना जिल्ह्यात त्यांना नव्हता.

परदेशी राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेवर लिहायचे आणि सुरुवात करमाडला करायची, हे काहींना विचित्र वाटेल. पण जालना जिल्हा या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना उभा आहे. इथल्या रोलिंग मिलमध्ये परप्रांतांतली माणसे राबतात. त्याच वेळी अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात, कोणी आखातात ड्रायव्हर किंवा गवंडी म्हणून जातो, कोणाची मुलगी रशियात किंवा जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला जाते. परमुलखात माणूस नेमका कशाने मरतो, कशाने लुबाडला जातो, हे समजून घ्यायचे तर आपल्या दारातले उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. घर सोडून गेलेल्याला अंधारातल्या गुंडापेक्षा खबर, कागद आणि माणूस या तीन गोष्टींचा अभाव अधिक वेळा गाठतो. आपली सगळी तयारी मात्र गुंडासाठी चाललेली असते.

पुरावा सरकारी आहे. जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की मागच्या पाच वर्षांत परदेशांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. सर्वाधिक, १७२, कॅनडात. त्याखालोखाल अमेरिकेत १०८. या ६३३ मध्ये हल्ल्यात मारले गेलेले १९. म्हणजे शंभरातले तीन. उरलेल्या ६१४ मध्ये आजार, अपघात आणि इतर कारणे आली. या आकड्यावर एक रास्त आक्षेप घेता येईल: ज्यात जीव जात नाही अशी मारहाण, लूट, छेडछाड यात मोजलेलीच नाही. ते खरे आहे आणि त्याकडे पुढे येतोच. तरीही आपण मुलांना निघताना काय सांगतो ते आठवून पाहावे. रात्री एकटा फिरू नको, कोणाशी भांडू नको, इतके सांगून आईबाप मोकळे होतात. अनोळखी नदीत उतरू नको, असे कोणी सांगत नाही. जून २०२४ मध्ये रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोदला वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. ते वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले, आणि त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले. त्यांच्यासोबतच्या पाचव्या विद्यार्थिनीला वाचवता आले. नदीकाठी वाढलेल्या मुलाला पाण्याची भीती नसते. पण उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यातही किती थंड असते, थंडीने हातपाय किती लवकर आखडतात, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

आता लुटीकडे आणि मारहाणीकडे. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे त्यावर काढले. त्यातले काही हल्ले वर्णद्वेषाचे होतेच, आणि ऑस्ट्रेलियातल्या काही पुढाऱ्यांनी ते झटकून टाकायचा केलेला प्रयत्न उद्वेगजनक होता. पण नंतर तिथल्या गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासून २०११ मध्ये अहवाल काढला. त्यात दिसले ते वेगळेच. मारहाणीचे प्रमाण भारतीय विद्यार्थ्यांत सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन माणसापेक्षा कमी किंवा त्याच्या आसपास होते. लुटीचे प्रमाण मात्र इतर देशांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. का? कारण फी आणि कर्ज फेडण्यासाठी ही मुले पेट्रोलपंपावर, रात्रभर उघड्या दुकानांत, टॅक्सीवर काम करत होती, आणि उशिराच्या रेल्वेने घरी परतत होती. लुटारूला या मुलाचा धर्म किंवा देश ठाऊक असायची गरज नव्हती. तो रात्री दोन वाजता गल्ल्यामागे एकटा बसला आहे, एवढे पुरत होते. म्हणजे मुलाची असुरक्षितता बरीचशी इथेच, घरच्या कर्जाच्या हिशेबात ठरली होती. कराटेचा पट्टा तिच्यावर उपाय नाही. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून पाठवणे हा उपाय आहे, म्हणजे पहिले मिळेल ते रात्रपाळीचे काम धरावे लागत नाही.

इथे बलोपासनेचा मुद्दा निघणार, आणि जालन्यात तर निघणारच. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. गावोगाव मारुती बसवून तरुणांना तालमीकडे वळवणाऱ्या माणसाच्या जिल्ह्यात बसून शरीरबळाला दुय्यम म्हणायचे? मी ते निरुपयोगी म्हणत नाही. धडधाकट शरीराचा माणूस आजार, थकवा, थंडी सोसतो, संकटात पळू शकतो. परदेशात हाच त्याचा मोठा उपयोग. पण समर्थ स्वतः बारा वर्षे देशभर पायी हिंडले ते राजवटी बदलत असलेल्या, वाटा असुरक्षित असलेल्या मुलखातून, आणि त्यांच्या शिकवणुकीत बळाइतकाच भर सावधपणावर आणि माणसे पारखण्यावर आहे, हे तालमीत सहसा सांगितले जात नाही. शिवाय कायद्याचा फरक आहे. भारतात स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे आणि तो बराच रुंद आहे. तोच हक्क खिशात घालून माणूस परदेशात उतरत नाही. आपल्याकडे मुलीच्या पर्समध्ये मिरचीचा फवारा ठेवणे शहाणपणाचे मानतात. ब्रिटनमध्ये १९६८च्या शस्त्र कायद्याखाली तो बंदी घातलेल्या शस्त्रांत मोडतो आणि नुसता जवळ सापडला तरी गुन्हा होतो. आखातात परदेशी मजुराने कितीही न्याय्य कारणाने हात उचलला तरी शेवट कोठडी आणि परत पाठवणी यांत होण्याची शक्यता मोठी. तिथे पहिला फटका कोणी मारला याची शहानिशा करायला तुमची भाषा बोलणारा साक्षीदार लागतो, आणि तो नसतो.

तरी एका ठिकाणी शरीरबळाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, आणि तो लपवून युक्तिवाद करणे अप्रामाणिक ठरेल. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० मुलींवर शार्लिन सेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलींत वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के, न घेतलेल्यांत ९.८ टक्के. जवळजवळ निम्मे. पण त्या बारा तासांत काय होते ते पाहिले पाहिजे. तीन-तीन तासांच्या चार भागांपैकी हातपाय चालवण्याचे शिक्षण मुख्यतः एकाच भागात. बाकीचा वेळ धोका ओळखण्यात, आणि ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणताना मन का कचरते ते समजून घेण्यात. कारण अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो. आपल्याकडची शिबिरे नेमका हाच भाग गाळतात: तीन दिवसांत गळा सोडवायचे डाव शिकवतात, फोटो काढतात, प्रमाणपत्र देतात. लग्न करून परदेशी गेलेल्या मुलींच्या बाबतीत तर ओळखीच्या माणसाकडून होणारा त्रास हाच मुख्य प्रश्न. राष्ट्रीय महिला आयोगाला अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष काढावा लागला तो त्यामुळेच. अशा मुलीचे संरक्षण तिच्या स्वतःच्या कपाटात असलेल्या पासपोर्टात, तिच्या नावाच्या बँक खात्यात आणि तिथल्या पोलिसांच्या पाठ असलेल्या क्रमांकात आहे. लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारतात. मुलीचा पासपोर्ट कोणाकडे राहील, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

कागदाचा विषय निघाला की आखातात जाणाऱ्यांकडे वळावेच लागते, कारण सर्वांत मोठी फसवणूक तिथे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना ती समजावून सांगायची गरज नाही. मुकादम उचल देतो, आणि उचल फिटेपर्यंत कोयता त्याचा. एजंटाच्या व्यवहारात पैसे उलटे वाहतात, म्हणजे मजूर आधी कर्ज काढून एजंटाला देतो, पण बांधले जाणे तेच. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ शेरा असतो. असा माणूस सौदी, कुवेत, अमिराती धरून १८ देशांत नोकरीला जायचा तर १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला आधी परवानगी घ्यावी लागते. हे कटकटीचे वाटते. पण त्या कटकटीत त्याचे रक्षण आहे. परवानगीसाठी नोकरीचा करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, एजंट नोंदणीकृत असावा लागतो, एजंटाला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरून १० लाखांचे अपघाती विमासंरक्षण मिळते. आता एजंट म्हणतो, कशाला या भानगडीत पडता, व्हिजिटवर चला, तिथे गेल्यावर काम लावून देतो. किंवा म्हणतो, आझाद व्हिसा आहे, कोणाकडेही काम करा. त्या एका होकारात करार, विमा, नोंद, सगळे जाते. अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नसलेला माणूस तिथे उभा असतो, पण कागदावर नसतो. पगार बुडाला तर तक्रार करायची चोरी, आजारी पडला तर दवाखान्यात जायची चोरी. आखातातल्या बहुतेक देशांत मालकाने कामगाराचा पासपोर्ट काढून घेणे नियमाविरुद्ध आहे. तो नियम वापरायला मात्र माणूस नोंदीत असावा लागतो.

शिकलेल्यांनी यावर हसू नये. २०२२च्या सप्टेंबरातच परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स’ची नोकरी देतो म्हणून संगणक शिकलेल्या तरुणांना नेले जाते आणि म्यानमारमध्ये म्यावाडीच्या बाजूला डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जातात. इशारा निघून अडीच वर्षे झाली तरी माणसे जातच राहिली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमधल्या माए सोतहून परत आणले. यांना इंग्रजी येत होते, फोन हातात होता. इशारा शोधून वाचायची सवय नव्हती.

खबर म्हणजे काय, हे २०२२च्या युक्रेनने आणि २०२४च्या बिश्केकने दाखवले. युक्रेनमध्ये भारतीय दूतावासाने युद्धाच्या नऊ दिवस आधी, १५ फेब्रुवारीला, राहणे आवश्यक नसलेल्यांनी तात्पुरते निघावे असे कळवले होते. अनेक मुले थांबली, कारण विद्यापीठे वर्ग ऑनलाइन करायला तयार नव्हती, हजेरी बुडण्याची भीती होती आणि विमानाचे भाडे वाढले होते. त्यांना बेजबाबदार म्हणता येणार नाही. मराठवाड्यातल्या शेतकरी बापाच्या मुलाने वर्ष वाया घालवण्याचा निर्णय एका सूचनेवरून कसा घ्यावा? पण याचा धडा हा की असा निर्णय कोण आणि कोणत्या खुणेवर घेईल, हे घरातून निघतानाच ठरलेले असावे, आणि परतीच्या तिकिटाइतकी रक्कम कशालाही हात न लावता बाजूला असावी. किरगिझस्तानातल्या बिश्केकमध्ये १७ मेच्या रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. चार दिवस आधी झालेल्या एका मारामारीचे चित्रण त्याआधी शहरभर फिरत होते. म्हणजे वारे फिरल्याची खूण समोर होती. ती स्थानिक भाषेत होती एवढेच. दूतावासाचा सल्ला साधा होता: घराबाहेर पडू नका. दार लावून आत बसणे हेच त्या रात्रीचे स्वसंरक्षण होते. ज्या देशात सहा वर्षे काढायची तिथली भाषा वर्तमानपत्राचे मथळे कळण्याइतकी तरी यावी, ही माझ्या मते प्रवेशाच्या फीइतकीच आवश्यक बाब आहे, आणि सल्लागार तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही सगळा भार जाणाऱ्याच्या डोक्यावर टाकता; मालक, एजंट, सरकार यांना सोडून देता. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मेले. एकेका खोलीत दाटीने माणसे, ज्वलनशील पडद्या, छताकडे जाणारे दार बंद. यात झोपलेल्या कामगाराने काय सावधगिरी बाळगायची होती? आक्षेप बरोबर आहे. मंगाफचे उत्तर मालकाच्या तुरुंगवासात आणि इमारतींच्या तपासणीत आहे, कामगाराच्या शिकवणीत नाही. मी फक्त एवढे म्हणेन की न्याय नंतर येतो आणि जिना आज रात्री लागतो. नव्या खोलीत सामान टाकल्यावर बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवणे, छताचे दार उघडते का ते ढकलून पाहणे, याला मालकाची परवानगी लागत नाही. सरकारकडे मागणी करायचीही जागा आहे. केरळने १९९६ मध्येच बाहेर गेलेल्या आपल्या माणसांसाठी वेगळे खाते काढले. आपल्याकडे उत्प्रवासाची परवानगी देणारे कार्यालय मुंबईत, जालन्याहून जवळजवळ ४०० किलोमीटरवर, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एजंटाचा परवाना खरा की खोटा हे तपासून देणारी खिडकी नाही. परमुलखातून आलेल्यांना आपण कसे वागवतो, हाही प्रश्न याच हिशेबात येतो. जालन्याच्या मिलमधल्या बिहारी, ओडिया, मध्य प्रदेशी कामगाराच्या खोलीला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का, त्याला मराठी न येता तक्रार करता येते का? करमाडनंतर भरपाई जाहीर झाली, चौकशी झाली. पण पासाच्या अर्जाला वेळेत उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न जिल्ह्याने नीट विचारलाच नाही.

माणूस या तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडे. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाने परदेशात अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या दूतावासाला कळवण्याचा हक्क दिला आहे. मराठी वाचकाला हे कलम कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे ऐकून माहीत आहे. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने ते मोडले असा निर्णय दिला. हेरगिरीच्या मोठ्या खटल्याइतकेच ते दम्मामच्या चौकीत बसलेल्या ड्रायव्हरलाही लागू आहे. भारतीय दूतावासाला कळवा, हे वाक्य स्थानिक भाषेत पाठ असावे, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, तिथे घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. संकटातल्या गरिबाला वकील, तिकीट, प्रसंगी पार्थिव आणण्याचा खर्च यांसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. तो मागावा लागतो; आपोआप येत नाही.

घरच्यांच्या हातूनही माणूस अडचणीत येतो, हे दिवाळीच्या तोंडावर सांगायलाच हवे. २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे मधुचंद्राला दोह्याला गेले. नातेवाईक बाईने दिलेल्या पुडक्यात चरस निघाला, दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातच त्यांना मुलगी झाली, आणि निर्दोष ठरून परत यायला एप्रिल २०२१ उजाडला. सख्ख्या नात्यातल्याचेही बंद पुडके उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली औषधे, जी आपल्याकडे खोकल्यावर आणि दुखण्यावर सर्रास दिली जातात, अमिरातींत आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाहीत. तसेच खसखशीचे. ती अफूच्या बोंडातली म्हणून अमिरातींत आणि सौदीत तिला बंदी आहे, आणि अनारसे थापताना आपण तीच वापरतो. आखातात फराळाचा डबा पाठवणार असाल तर यंदा अनारसे तिळावर थापा, आणि डब्यात काय काय आहे त्याची यादी नेणाऱ्याच्या हातात द्या.